म्हसोबापासून मोजणी

दौलूची सळई जमिनीत चार बोटं गेली आणि अडली. गव्हात पालथा पडलेला दौलू पिसाळ मान न वळवता म्हणाला, "दादा, हितं कायतरी हाय."

"दगड असंल."

"दगड असा वाजतो व्हय? डबा हाय ह्यो."

मी त्याच्या मागे दहा पावलांवर पालथा होतो. आमच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या फिती ताणलेल्या होत्या. या दोन फितींच्या मधली पट्टी मोकळी, इथे एकही सुरुंग नाही, असं नकाशात लिहिलेलं होतं. सकाळी याच पट्टीत आम्ही पाठपिशव्या टाकल्या होत्या आणि दौलूने तिथेच बसून आपल्या मेव्हणीच्या लग्नाची गोष्ट हातवारे करून सांगितली होती. आता तो हातभर अंतरावरून बोटांनी माती बाजूला करत होता आणि मातीतून तीन काटे वर येत होते.

"उडी मारणारा हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. घाबरला की दौलूचा आवाज असा शांत होत असे.

हा सुरुंग दुधाच्या डब्याएवढा. काट्यांवर पाय पडला की तो जमिनीतून कमरेइतका उडतो आणि मग फुटतो. आमचा नाईक मारुती शेलार आदल्या पावसाळ्यात अशाच एका डब्याने गेला होता. त्यामुळे मी दौलूला आल्या वाटेने सरपटत मागे घेतलं, स्वतः पुढे सरकून त्या डब्याला फुटू न देणारी टाचणी अडकवली, तो वर काढला आणि मग मान वर करून रस्त्याकडे पाहिलं.

रस्त्यावर जर्मन कॅप्टन उभा होता. त्याचं नाव ड्रेस्लर. उंच, वाळलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. डाव्या पायाने किंचित लंगडायचा. ज्याने हे सुरुंग पुरले तो हाच. माझ्या हातातला डबा पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"शक्य नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "तिथे शक्य नाही."

"हातात आहे माझ्या," मी म्हणालो.

ही गोष्ट जून एकोणीसशे पंचेचाळीसची. मी कोंडिबा ढाणे, तेव्हा सॅपर्सच्या एका कंपनीत हवालदार होतो. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, रस्ते करणारा आणि दुसऱ्याने पुरलेले सुरुंग काढणारा शिपाई. उत्तर इटलीत जिथे डोंगर संपून सपाटी लागते तिथे वाल्दोरो नावाचं शंभरेक उंबऱ्यांचं गाव होतं. हिवाळ्यात लढाई थांबली तेव्हा आम्ही तीन महिने तिथे तळ ठोकून होतो. रस्ता रुंद केला, दोन पूल टाकले आणि एप्रिलमध्ये फौजेबरोबर पुढे गेलो. मे महिन्यात जर्मनांनी शस्त्रं ठेवली. घरी जायच्या बोटी यायला अजून वेळ होता, म्हणून आम्हाला पुन्हा वाल्दोरोला पाठवलं. काम एकच: गावाबाहेरच्या मोठ्या शेतातले सुरुंग काढायचे.

त्या शेताची कथाच वेगळी. मालकीण अस्सुन्ता नावाची विधवा बाई, वय पंचेचाळिशीचं, बोलायला फटकळ. तिने आदल्या ऑक्टोबरात गहू पेरला. पेरणीनंतर दहा दिवसांनी जर्मनांनी त्यातच सुरुंग पेरले. जमिनीला त्याचं काय? गहू उगवला, पोटरीत आला, ओंब्या भरल्या, पिवळा झाला. आणि तारेच्या कुंपणाबाहेर विळा घेऊन उभी असलेली अस्सुन्ता रोज तो पाहत होती. आम्ही साताऱ्याकडची माणसं. पिकलेला गहू उभा राहून झडतोय हे बघून आमचेही हात विळ्यासाठी शिवशिवायचे. अजून आठ दिवसांत कापणी झाली नसती तर गावाला वर्षभराची भाकरी विकत घ्यावी लागली असती, आणि विकत मिळत नव्हती.

म्हणून कैद्यांच्या छावणीतून ड्रेस्लरला आणलं. त्याच्याकडे नकाशा होता. त्याने तो कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता. त्यावर एकशे चौसष्ट ठिपके, प्रत्येक ठिपक्याला नंबर, ओळी, अंतरं, दिशा, सगळं सुईने काढल्यासारखं. आमचे मेजर हॅलम साहेब नकाशा पाहून खूश झाले होते. आम्ही दुसऱ्या पुलाच्या डागडुजीला गेलो असताना त्यांनी आणि ड्रेस्लरने मिळून मोजणी केली, फिती ताणल्या, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला कामाला लावलं.

तर त्या दिवशी दुपारपर्यंत असे तीन डबे निघाले, तिन्ही मोकळ्या पट्टीत. आणि नकाशात जिथे ठिपके होते तिथे सळई खुपसून खुपसून आमचे हात दुखले, पण तिथे नुसती मातीच निघाली.

मेजरसाहेब जीपमधून उतरले ते लाल होऊनच. ओरडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. रागावले की ते इतकं हळू बोलायचे की पुढे वाकून ऐकावं लागे.

"कॅप्टन," ते ड्रेस्लरला म्हणाले, "माझा एक जवान आज मेला असता."

"नकाशा खरा आहे, मेजर."

"नकाशा खोटा आहे. तीन डबे तुझ्यासमोर पडलेत."

"मी सहा वर्षांत एकही खोटा नकाशा काढलेला नाही."

"उद्या सकाळी तुला परत पाठवतो. सोबत माझा कागद जाईल. लढाई संपल्यावर खोटा नकाशा देऊन माणसं मारायला बघणाऱ्याचं काय करायचं ते कोर्ट ठरवील." मग ते माझ्याकडे वळले आणि आपल्या हिंदुस्थानीत म्हणाले, "ढाणे, काम बंद. याच्यावर नजर ठेव."

आता खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. मारुती शेलारची आठवण ताजी होती. जर्मन कोर्टापुढे उभा राहिला तर माझं काय जाणार होतं? उलट मला दुसरीच काळजी होती. गहू राहणार आणि आपण हात हलवत परत जाणार.

दुपारी जेवणं आली. चपात्या, डाळ, कांदा. मी ड्रेस्लरला घेऊन रस्त्याकडेच्या तुतीच्या सावलीत बसलो. त्या शेताच्या बांधाला तुतीची ओळ होती, सगळी झाडं एका मापाची, एकावर एक छाप मारल्यासारखी. त्यातल्याच एका झाडाखाली आम्हीच बसवलेला म्हसोबा होता. जाणारा-येणारा जवान तिथे थांबायचा, हात जोडायचा आणि पुढे जायचा. दौलू तर तिथे डोकं टेकवल्याशिवाय सळईला हात लावत नसे.

ड्रेस्लरने चपातीचा तुकडा हातात घेतला, पण खाल्ला नाही. मी कांदा बुक्कीने फोडून अर्धा त्याच्यापुढे ठेवला. मी सातवी पास आणि पुढे पाद्र्यांच्या शाळेत दोन वर्षं इंग्रजी शिकलेला. तो लहानपणी दोन वर्षं लंडनला मावशीकडे होता. त्यामुळे आमचं मोडकंतोडकं जमत होतं.

"खा," मी म्हणालो. "कोर्टात उपाशी जाऊ नये."

तो जरासा हसला. "तू काय करतोस घरी?"

"शेती. आणि तुम्ही?"

"मी मोजणीदार. गावोगाव जाऊन शेतं मोजायची, हद्दी लावून द्यायच्या."

मला गंमत वाटली. आमच्याकडे मोजणीदार साखळी घेऊन आला की भाऊभाऊ आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे दहा दिवस."

मग तो हळूहळू बोलू लागला. माणसाला उद्याची धास्ती असली की मागचं आठवतं. एकोणचाळीस साली त्याला बोलावणं आलं. मोजणी येते म्हणून पलटणीत पूल बांधायला घेतलं. पोलंडात पूल बांधले, फ्रान्समध्ये बांधले. तेव्हा सगळे पुढे चालले होते, म्हणून बांधायचे. मग रशियात गेला. दुसऱ्या हिवाळ्यात डाव्या पायाची दोन बोटं गेली, आणि तिथून सगळं उलटं फिरलं. मागे यायचं, आणि येताना पूल उडवायचे, सुरुंग पुरायचे. पुढची अडीच वर्षं, रशियात आणि मग इटलीत, त्याने तेवढंच केलं.

"बांधले सात," तो म्हणाला. "उडवले एकतीस. सुरुंगांची शेतं बावन्न."

"आणि ही बावन्न शेतं कुणाची होती?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा. "त्या बाईचा गहू वर आलेला दिसत नव्हता तुम्हाला?"

"दिसत होता. हुकूम होता."

"मग नकाशा काढला म्हणजे झालं माफ?"

त्याने चपातीचा तुकडा खाली ठेवला. "माफ नाही होत," तो म्हणाला. "पण काढता येतं. पुरलेलं काढता आलं पाहिजे, एवढंच माझ्या हातात होतं. बावन्न शेतांचे एक्कावन्न नकाशे मी वर पाठवले, आणि प्रत्येकाची एक नक्कल जवळ ठेवली. एक नकाशा रशियात नदी ओलांडताना वाहून गेला. ते शेत कुठलं ते मला माहीत आहे. तिथे मुलं खेळायची. तिथलं आता कुणालाच काढता येणार नाही." तो माझ्याकडे वळला. "कोर्टाचं मला भय नाही रे. पण हा नकाशा खोटा निघाला, तर बाकीचे पन्नास कोण खरे मानणार? ते बाजूला टाकतील. आणि लोक त्या शेतांत जातील."

मघाशी मनात त्याच्याविषयी जे होतं ते थोडं सैल झालं, इतकंच. मारुती काही परत येणार नव्हता.

"पण चुकलं कुठे ते कळत नाही," तो कपाळ चोळत म्हणाला. "खुणा दोन होत्या. एक चर्चचा मनोरा. तो तुमच्या तोफांनी पाडला. झाडं सगळी सारखी, त्यांच्यावरून मोजता येत नाही. पण दुसरी पक्की आहे. आणि त्याबद्दल मला तुम्हा लोकांचे आभारच मानायला हवेत."

"आमचे? ते कशाबद्दल?"

"तुम्ही माझी खूण सांभाळलीत. एवढी धुमश्चक्री झाली, रस्ता रुंद केलात, तरी तो दगड तुम्ही फेकला नाहीत. उलट लांबून दिसावा म्हणून तांबडा रंगवलात. तुमचा प्रत्येक जवान तिथे थांबून सलाम करतो. खुणेच्या दगडाला इतका मान देणारी फौज मी पाहिली नाही." आणि त्याने बोट दाखवलं.

बोट म्हसोबाकडे होतं.

माझ्या हातातला कांदा हातातच राहिला.

सांगतो. डिसेंबरअखेर आम्ही तो रस्ता रुंद करत होतो तेव्हा कडेला हा दगड उभा होता. मांडीइतका उंच, चौकोनी, डोक्यावर गोलसर. मुकादमी माझी होती. बाकीचे दगड फोडून आम्ही रस्त्यात घातले, पण याच्यावर घण घालायला कुणाचा हात होईना. आमच्या गावी शेताच्या बांधावर म्हसोबा बसतो तो हुबेहूब असाच. मीच म्हणालो, याला फोडू नका. चौघांनी पहारी लावून उपटला, दोरात अडकवून बांधाच्या कडेने नेला आणि तुतीखाली तारेला टेकवून बसवला. तारेपलीकडे सुरुंग आहेत हे माहीत होतं. तो शेताचा राखणदार, त्याला शेताकडे पाठ देऊन कसं बसवायचं असा वादही झाला, पण शेवटी तोंड रस्त्याकडेच केलं, कारण हात जोडणारे रस्त्यावर होते. शेंदूर कुठला आणायचा? पुलाच्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून फासायचा तांबडा रंग आमच्याकडे पिंपभर होता. तो वासाने, रंगाने शेंदूरच. दौलूने दोन हात चढवले. हिवाळाभर आमच्या तुकडीतला एकही माणूस दगावला नाही, तेव्हा देवाचं नाव आणखी झालं.

आणि खडकीला रंगरुटांना मीच घसा फोडून शिकवत होतो की सुरुंगाच्या शेताजवळची एकही वस्तू हलवायची नाही, तुटकी बादलीसुद्धा नाही. का, तर ती कुणाची खूण असेल. देवाच्या बाबतीत ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

"काय झालं?" ड्रेस्लरने विचारलं.

"काही नाही. जेवा तुम्ही," मी म्हणालो आणि उठलो.

मेजरसाहेबांचा तंबू तिथून दोनशे पावलं. ती दोनशे पावलं मला फार लांब वाटली. माझं नाव जमादारीसाठी, म्हणजे हवालदाराच्या वरच्या हुद्द्यासाठी, वर गेलेलं होतं आणि शिफारस साहेबांचीच होती. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं असतं? जर्मन उद्या गेला असता. दौलूला कळलं असतं, पण दौलू माझ्यासाठी मेला तरी बोलला नसता. हे सगळं डोक्यात आलं, आलं नाही म्हणणार नाही. पण मला दौलूचा तो शांत आवाज ऐकू येत होता. त्याला मारायला निघालेला माणूस जर्मन नव्हता, तो मी होतो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग इतकं हळू बोलले की मी पुढे वाकलो.

"तू खूण हलवलीस."

"होय साहेब."

"तू. माझा सुरुंगाचा हवालदार."

"होय साहेब."

"का?"

आता इंग्रज साहेबाला म्हसोबा कसा समजवायचा? मी म्हणालो, "साहेब, त्याला फोडायला हात धजला नाही."

ते टोपी उचलून म्हणाले, "चल. आधी बघू तुझं तरी खरं आहे का."

मूळ जागा शोधायला वेळ लागला, कारण तिच्यावर गवत माजलं होतं. शेवटी दौलूनेच ती दाखवली. दगड उपटताना त्याचं बोट चेंगरलं होतं, आणि तो शिव्या देत ज्या मैलाच्या खांबाला टेकून बसला होता तो खांब अजून तसाच होता. तिथे खणलं तर खड्ड्याचा चौकोनी साचा निघाला, आणि त्यात दगड घट्ट बसावा म्हणून ठोकलेले कौलाचे तुकडे. ड्रेस्लर गुडघ्यावर बसला, ते तुकडे हातात घेऊन पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिलं. तोपर्यंत त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "तो दगड आमचा देव आहे. मी हलवला. चूक माझी."

त्याने मोजपट्टीचं टोक त्या खड्ड्यात धरलं आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"नकाशावरचा पहिला सुरुंग," तो मेजरसाहेबांना म्हणाला, "या दगडापासून सरळ पूर्वेला, साडेआठ मीटर."

होकायंत्र त्याने धरलं आणि मी पट्टी घेऊन पूर्वेला चाललो. पट्टी बांधाच्या कडेकडेने निघाली. पाच मीटर, सहा, सात. आठ मीटरवर म्हसोबा आला. पट्टी देवाच्या खांद्यावरून, तारेवरून पलीकडे गेली, आणि साडेआठचा आकडा त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर टेकला.

मग दौलू म्हणाला, "दादा, म्या तीन महिनं रोज हितं डोकं टेकलंय."

मेजरसाहेब म्हणाले, "तिथे सुरुंग असेल तर कॅप्टन खरा. नसेल तर उद्या दोघंही जाल. कोण बघतो?"

"मी," मी आणि ड्रेस्लर एकदमच म्हणालो.

साहेबांनी मान हलवली आणि बाकीच्यांना पन्नास पावलं मागे नेलं. अस्सुन्ता कुंपणापाशी उभी होती, ती हलेना. दौलूने तिला दंडाला धरून नेली आणि तिच्या शिव्या खाल्ल्या.

आम्ही तार कापली. देवाच्या उजव्या बाजूने मी पालथा झालो, डाव्या बाजूने तो. आमच्या मधे म्हसोबाची पाठ, तिच्यावर शेंदूर नव्हता, नुसता दगड होता. ड्रेस्लरने सळई धरली. त्याचा हात इतका स्थिर होता की मला माझ्या हाताची लाज वाटली. सळई तिरकी आत गेली. एकदा नाही. दोनदा नाही. तिसऱ्यांदा चार बोटं गेली आणि अडली.

डबा वाजला.

मी आयुष्यात सुरुंग सापडलेली माणसं खूप पाहिली. आनंदाने रडलेला तो एकच. तो पालथाच होता, कपाळ मातीला लावलेलं, आणि खांदे हलत होते. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, हाही म्हसोबाच्या पाया पडतोय.

"आहे," तो म्हणत होता. "जागेवर आहे."

टाचणी मी लावली. माती त्याने काढली. डबा दोघांनी मिळून वर घेतला.

मेजरसाहेब आले, डबा पाहिला, नकाशा पाहिला, आणि ड्रेस्लरपुढे हात केला. दोघांनी हस्तांदोलन केलं. मग साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तो दगड मूळ खड्ड्यात परत ठेवा. आत्ता."

माझ्यामागे जवान कुजबुजले. बसवलेला देव असा उठवायचा? पण मी कुठल्या तोंडाने बोलणार होतो? मी पहार मागवली.

"मेजर," ड्रेस्लर म्हणाला, "मोजणीदार म्हणून सांगू का? खूण एकदा हलली की पुन्हा हलवू नये. दुसऱ्यांदा हलवली की अंतर चुकतंच. दगड आहे तिथे पक्का आहे. नकाशा बदलू."

"तू नकाशा बदलणार?" साहेबांनी विचारलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "सहा वर्षांत कधी बदलला नव्हतास ना?"

"सहा वर्षांत कधी खुणेला लोक हात जोडत नव्हते."

त्याने जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. जुनी खूण एका बारीक रेघेने खोडली, आठ मीटर पूर्वेला नवी काढली, तारीख घातली. मग पेन्सिल थांबवून मला विचारलं, "खुणेचं नाव?"

"म्हसोबा."

"लिहायचं कसं?"

मी एकेक अक्षर सांगितलं, त्याने सुबक अक्षरांत लिहिलं. खाली सही केली, शेजारी मेजरसाहेबांनी केली.

पुढचं सगळं सरळ झालं. फिती नव्याने ताणल्या, आणि नकाशा जे म्हणेल तेच जमिनीतून निघू लागलं. एक पट्टी मोकळी झाली की अस्सुन्ता आणि गावच्या बायका विळे घेऊन आत यायच्या. पुढे आम्ही पालथे, मागे कापणी. ड्रेस्लर दिवसभर रस्त्यावर उभा राहून ठिपके खोडत होता. त्याची अस्सुन्ताने पहिल्या दिवशी आईमाई काढली होती. चौथ्या दिवशी तिने त्याच्यापुढे पावाचा तुकडा आदळला आणि काही न बोलता निघून गेली. सहाव्या दिवशी एकशे चौसष्टावा डबा निघाला. मग आमच्या रिवाजाप्रमाणे आम्ही सगळे हातात हात अडकवून, एका ओळीत, त्या शेतातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. शेत काढणाऱ्याने आधी स्वतः त्यावरून चालून दाखवायचं असतं. ओळीत माझ्या उजव्या हाताला दौलू होता आणि डाव्या हाताला लंगडत ड्रेस्लर. मी बूट काढले होते. कापलेल्या गव्हाचे सड पायाला टोचत होते आणि ते मला फार बरं वाटत होतं. ड्रेस्लरने माझ्या पायांकडे पाहिलं, आणि त्यानेही काढले.

माझी जमादारी दीड वर्ष लांबली. आमची मंडळी पुढे कित्येक वर्षं पाहुण्यारावळ्यांत सांगायची, "ह्यांना दगड उचलायची हौस, तिच्यापायी एक फीत उशिरा लागली." मी ऐकून घ्यायचो. त्या दुपारी ती दोनशे पावलं चाललो नसतो, तर ती फीत मला खांद्यावर जड झाली असती.

चौदा वर्षांनी एक पत्र आलं. पाकिटावर जर्मनीचं तिकीट. पत्ता रेकॉर्ड ऑफिसकडून शोधून काढलेला, तीन ठिकाणी फिरून आलेला. ड्रेस्लर पुन्हा मोजणीचं काम करत होता. त्याचे बाकीचे पन्नास नकाशे ज्यांच्या हाती लागले त्यांनी वापरले होते. जिथून कळलं तिथून सगळं बरोबर निघालं होतं. रशियातल्या त्या एका शेताबद्दल त्याने काही लिहिलं नव्हतं. मीही पुढे कधी विचारलं नाही.

सुट्टीत तो बायकोला घेऊन वाल्दोरोला गेला होता. अस्सुन्ता अजून होती, अजून फटकळ होती, आणि त्या शेतात गहू उभा होता. म्हसोबा तुतीखालीच होता. गावच्या बायका त्याच्यापुढे मेणबत्ती लावतात, असं त्याने लिहिलं होतं. का लावतात ते त्यांना नीट सांगता येत नाही. गाडी शेतात वळवताना सगळे त्याला उजव्या हाताला घालतात. रंग उडाला होता, म्हणून त्याने शहरातून तांबड्या रंगाचा डबा आणवून स्वतःच्या हाताने लावला.

पत्राची शेवटची ओळ अशी होती: "मी सवयीने मोजपट्टी बरोबर नेली होती. दगड जागेवर आहे. हललेला नाही."